मुरलेला सेनापती

क्रीडा प्रतिनिधी

मोसम संपला की अमेरिकेतील फुटबॉलशौकिनांमध्ये एक वाद हटकून रंगतो. आपल्या संघाकडे भरवशाचा क्वार्टरबॅक नाही. मग महाविद्यालयातून येणाऱ्या एखाद्या कोवळ्या खेळाडूला घडविण्यात तीन-चार वर्षे घालवायची, की दुसऱ्या संघाला नकोसा झालेला, तिशी ओलांडलेला अनुभवी गडी आणायचा? आणायचाच तर कोणता, आणि त्याच्यासाठी किंमत किती मोजायची? आयपीएलच्या लिलावाआधी आपल्याकडे चहाच्या टपरीपासून लोकलच्या डब्यापर्यंत जी चर्चा झडते, तिचेच हे अमेरिकी रूप. या वादात अनुभवी खेळाडूची बाजू घेणाऱ्यांच्या हाती असलेला सर्वांत जुना आणि ठसठशीत दाखला म्हणजे नॉर्म व्हॅन ब्रॉक्लिन. त्याच्या जन्माला मार्च २०२६ मध्ये शंभर वर्षे पूर्ण होतात. मात्र त्याचे आयुष्य नीट पाहिले, तर हा दाखला वाटतो तितका सरळ नाही.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या ओळखीच्या फुटबॉलहून अगदी निराळा. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळत किंवा सहकाऱ्याकडे फेकत प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत न्यायचा, हे त्याचे स्थूल स्वरूप. जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. धिप्पाड बचावपटू अंगावर धावून येत असताना कोणता सहकारी मोकळा सुटणार हे त्याला दोन-तीन सेकंदांत हेरावे लागते. हाताची ताकद आणि पायांतील चपळाई वयाबरोबर ओसरते. समोरची फळी वाचण्याची नजर मात्र वयाबरोबर तयार होत जाते. तिशीतल्या क्वार्टरबॅकचे मोल ठरविणे कठीण असते ते यामुळेच.

दोन राजे, एक सिंहासन

व्हॅन ब्रॉक्लिनचा जन्म १५ मार्च १९२६ रोजी साउथ डकोटा राज्यात झाला. त्याच्या लहानपणीच कुटुंब कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४३ ते १९४५ अशी दोन वर्षे त्याने नौदलात काढली आणि मग ओरेगॉन विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे त्याचे नाव गाजू लागले. १९४९ मध्ये लॉस एंजलिस रॅम्सने त्याला चौथ्या फेरीत निवडले. पळण्यात तो संथ होता. पण त्याचा चेंडू दूर आणि नेमका जाई. स्वभाव तापट, जीभ तिखट. डच आडनावामुळे सारे त्याला डचमन म्हणत.

रॅम्सकडे त्या वेळी बॉब वॉटरफिल्ड हा नामांकित क्वार्टरबॅक आधीपासूनच होता. प्रशिक्षक जो स्टायडहार यांनी यावर अजब तोडगा काढला. दोघांनाही आलटूनपालटून मैदानात उतरवायचे. १९५० च्या मोसमात या संघाने बारा सामन्यांत ४६६ गुण कुटले. सामन्यामागे गुणांची ती सरासरी पुढे कोणत्याही संघाला गाठता आली नाही. २८ सप्टेंबर १९५१ रोजी वॉटरफिल्ड जखमी असल्याने न्यूयॉर्क यँक्सविरुद्धचा पूर्ण सामना व्हॅन ब्रॉक्लिनच्या वाट्याला आला. त्या एका सामन्यात त्याने पासद्वारे ५५४ यार्डांची मजल मारली. सत्तरहून अधिक वर्षे लोटली, खेळाचे नियम पास फेकणाऱ्यांना कितीतरी अनुकूल झाले. तरी हा विक्रम अबाधित आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात शेवटच्या सत्रात त्याने टॉम फिअर्सकडे फेकलेल्या चेंडूवर ७३ यार्डांचा टचडाउन झाला आणि रॅम्स २४-१७ असे विजेते ठरले.

वॉटरफिल्ड १९५२ नंतर निवृत्त झाला. आता सिंहासन डचमनचे होते; पण १९५५ मध्ये नवे प्रशिक्षक आले सिड गिलमन. हल्लाबोल खेळाचे ते नामवंत अभ्यासक. कोणती चाल खेळायची हे मैदानाबाहेरून आपण ठरवावे, असा त्यांचा आग्रह. त्या काळात चाल पुकारणे हा बहुतेक ठिकाणी क्वार्टरबॅकचा हक्क मानला जाई, आणि व्हॅन ब्रॉक्लिन तो हक्क सोडणाऱ्यांतला नव्हता. १९५५ चा अंतिम सामना रॅम्सने घरच्या मैदानावर ३८-१४ असा गमावला; डचमनने फेकलेले सहा चेंडू ब्राउन्सच्या खेळाडूंनी झेलले. पुढच्या मोसमात त्याला तरुण बिली वेडबरोबर जागा वाटून घ्यावी लागली. १९५८ च्या सुरुवातीला त्याने रॅम्सकडून यापुढे खेळणार नसल्याचे जाहीर केले. वय होते एकतीस.

फिलाडेल्फियाचा सौदा

देशाच्या दुसऱ्या टोकाला फिलाडेल्फिया ईगल्सची अवस्था केविलवाणी होती. १९४८ आणि १९४९ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे मिळवलेला हा संघ रसातळाला गेला होता. १९५७ मध्ये त्यांच्या वाट्याला बारा सामन्यांत चार विजय आले. नवे प्रशिक्षक बक शॉ यांना हवा होता जाणता क्वार्टरबॅक. मे १९५८ मध्ये सौदा ठरला. ईगल्सने लाइनमन बक लॅन्सफोर्ड, बचावपटू जिमी हॅरिस आणि ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतील निवडीचा हक्क रॅम्सला दिला. ड्राफ्ट म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंना संघांनी आळीपाळीने निवडण्याची पद्धत. तिच्या पहिल्या फेरीतील हक्क म्हणजे संघाच्या भविष्याची मुदत ठेवच. ती मोडून ईगल्सने बत्तिशीतला खेळाडू घेतला.

गंमत अशी, की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग स्टीलर्सने असाच जुगार खेळला. त्यांनी डेट्रॉइट लायन्सचा एकतीस वर्षांचा बॉबी लेन मिळवला. तोही विजेता, तोही मनस्वी. त्याच्याही बदल्यात तरुण क्वार्टरबॅक अर्ल मोरॉल आणि ड्राफ्टचे हक्क गेले. एका राज्यात दोन संघ, दोन मुरलेले सेनापती. कोणाचा डाव साधेल हे त्या वर्षी कोणालाच सांगता आले नसते.

पहिल्या मोसमात तर ईगल्सचा निर्णय सपशेल चुकल्यासारखा वाटला. १९५८ मध्ये त्यांनी केवळ दोन सामने जिंकले. पण आकड्यांत न दिसणारे काही घडत होते. डेट्रॉइटने सोडून दिलेला पीट रेट्झलाफ त्या वर्षी ५६ झेलांसह लीगमध्ये संयुक्तपणे अव्वल ठरला. पाच फूट नऊ इंचांचा टॉमी मॅकडोनल्ड डचमनच्या लांब पल्ल्याच्या चेंडूंवर बहरू लागला; तो पुढे हॉल ऑफ फेमपर्यंत पोहोचला. चाली ठरविण्याची मोकळीक शॉ यांनी व्हॅन ब्रॉक्लिनला दिली होती. चुकलेल्या सहकाऱ्याला तो मैदानातच फैलावर घेई, आणि पुढच्याच चालीत चेंडू पुन्हा त्याच्याकडे फेकी. १९५९ मध्ये सात विजय मिळाले.

१९६० चा पहिला सामना ईगल्स घरच्या मैदानावर ब्राउन्सकडून हरले. त्यानंतर सलग नऊ जिंकले. अनेकदा पिछाडीवरून जिंकले. २६ डिसेंबर १९६० रोजी फ्रँकलिन फील्डवर ६७,३२५ प्रेक्षकांसमोर अंतिम सामना झाला. समोर होते व्हिन्स लोम्बार्डी यांचे ग्रीन बे पॅकर्स. डचमनने मॅकडोनल्डला ३५ यार्डांचा टचडाउन पास दिला. शेवटच्या सत्रात पॅकर्स १३-१० असे पुढे गेले. लगेच नवोदित टेड डीनने परतीचा चेंडू ५८ यार्ड पळवला आणि त्यानेच चाल पूर्ण केली. अखेरच्या क्षणी पॅकर्सचा जिम टेलर गोलरेषेपासून काही यार्डांवर असताना पस्तीस वर्षांच्या चक बेडनारिकने त्याला जमिनीवर दाबून धरले आणि वेळ संपली. ईगल्स १७, पॅकर्स १३. लोम्बार्डी यांनी पुढे पाच अजिंक्यपदे मिळवली. अजिंक्यपदाच्या लढतीत त्यांची हार झाली ती एवढी एकदाच. व्हॅन ब्रॉक्लिन मोसमातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. पिट्सबर्गला मात्र बॉबी लेनने एकदाही अंतिम सामन्यापर्यंत नेले नाही.

यशानंतरचा कडवटपणा

कथा येथे संपली असती, तर अनुभवी खेळाडूचे समर्थन करणाऱ्यांना आणखी काही बोलावेच लागले नसते. पण विजयानंतर शॉ यांच्याबरोबर व्हॅन ब्रॉक्लिनही निवृत्त झाला, तो मनात एक हिशेब धरून. फिलाडेल्फियाला येतानाच, शॉ यांच्यानंतर प्रशिक्षकपद आपल्याला मिळेल असे त्याला सुचविण्यात आले होते, अशी त्याची पक्की समजूत होती. लीगचे आयुक्त बर्ट बेल यांचा या बोलण्यात भाग असल्याचे सांगितले जाई. पण बेल ऑक्टोबर १९५९ मध्ये फ्रँकलिन फील्डवरच ईगल्सचा सामना पाहताना मरण पावले होते. प्रशिक्षकपद निक स्कॉरिक यांच्याकडे गेले. वचन दिले होते की नाही यावर पुढे बराच काथ्याकूट झाला. डचमनने फिलाडेल्फिया सोडले. ईगल्सला पुढचे अजिंक्यपद मिळायला फेब्रुवारी २०१८ उजाडावा लागला.

जानेवारी १९६१ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या मिनेसोटा व्हायकिंग्जने त्याला पहिला प्रशिक्षक नेमले. १७ सप्टेंबर १९६१ रोजी पहिल्याच सामन्यात या नवख्या संघाने शिकागो बेअर्सला ३७-१३ असे लोळवले. त्या दिवसाचा नायक होता फ्रॅन टार्केंटन हा नवोदित क्वार्टरबॅक. पण टार्केंटन जागेवर उभा राहत नसे. संकट दिसले की तो पळे, वळसे घेई, प्रतिस्पर्ध्यांना दमवी. क्वार्टरबॅकने जागेवर पाय रोवून चेंडू फेकावा, या शिस्तीत वाढलेल्या डचमनला हे कधीच पचले नाही. स्वतःच्या बुद्धीने खेळू देत नाहीत म्हणून ज्याने लॉस एंजलिस सोडले, तोच आता दुसऱ्या बुद्धिमान खेळाडूला त्याच्या पद्धतीने खेळू देईना. १९६७ मध्ये दोघांचेही मिनेसोटा सुटले. व्हॅन ब्रॉक्लिनने राजीनामा दिला, टार्केंटन न्यूयॉर्कला गेला.

पुढे १९६८ ते १९७४ या काळात त्याने अटलांटा फाल्कन्सचे प्रशिक्षकपद सांभाळले. प्रशिक्षक म्हणून त्याची एकूण कामगिरी ६६ विजय, १०० पराभव आणि ७ बरोबरी अशी आहे. १९७१ मध्ये त्याचा हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, तो अर्थातच खेळाडू म्हणून. निवृत्तीनंतर जॉर्जियातील सोशल सर्कल येथे तो पिकान या अक्रोडवर्गीय फळांच्या बागेत रमला. २ मे १९८३ रोजी हृदयविकाराने त्याचे निधन झाले. वय होते सत्तावन्न.

नियतीचा खेळ पाहा. १९७२ मध्ये व्हायकिंग्जने टार्केंटनला न्यूयॉर्कहून परत आणले, तेव्हा तोही बत्तिशीला टेकला होता. या दुसऱ्या डावात त्याने संघाला तीनदा सुपर बोलपर्यंत नेले. एकदाही जिंकता मात्र आले नाही. आणि ज्या रॅम्सने डचमनला जाऊ दिले, त्यांनीच २०२१ मध्ये डेट्रॉइटचा तेहेतीस वर्षांचा मॅथ्यू स्टॅफर्ड आणण्यासाठी पहिल्या फेरीचे दोन हक्क मोजले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ते विजेते झाले. लॉस एंजलिस शहराच्या नावावर या संघाने मिळवलेले १९५१ नंतरचे ते पहिलेच अजिंक्यपद. उलट न्यूयॉर्क जेट्सने २०२३ मध्ये आणलेला एकोणचाळीस वर्षांचा आरॉन रॉजर्स पहिल्याच सामन्यात चौथ्या चालीला जायबंदी झाला आणि त्यांचा मोसम तेथेच कोलमडला.

म्हणूनच कोणता अनुभवी क्वार्टरबॅक आणावा, या वादाला ठाम उत्तर नाही. व्हॅन ब्रॉक्लिनच्या आयुष्यातून मात्र एक गोष्ट उघड होते. रॅम्सकडचा १९५७ चा डचमन आणि ईगल्सकडचा १९६० चा डचमन यांच्या हातात फारसा फरक नव्हता. फरक होता तो त्याच्या जाणतेपणावर विसंबणाऱ्या बक शॉ नावाच्या माणसाचा. मुरलेला खेळाडू विकत घेता येतो. त्याच्यावर विश्वास टाकणे हे घेणाऱ्याचे काम. दुर्दैव हे, की तो विश्वास ज्याच्या वाट्याला आला, त्याला तो पुढच्या पिढीच्या टार्केंटनवर टाकता आला नाही.