निवृत्तीनंतरचे कर्वे

धोंडो केशव कर्वे १९१४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले. १८९१ पासून ते तेथे गणित शिकवीत. हिंगण्याचा विधवाश्रम, १९१६ चे महिला विद्यापीठ हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. मला अधिक नवल वाटते ते त्यांच्या वयाच्या ७८ व्या वर्षाचे.

१९३६ साली त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. जेथे शाळाच नव्हती अशा खेड्यांत शाळा चालवायच्या होत्या. वर्गात शिकविण्याचे दिवस सरले होते; पण चालण्याची सवय जुनी. प्राध्यापक असताना पुण्याहून हिंगण्याला पायी जाऊन शिकविणारा हा माणूस! म्हातारपणी त्यांनी कामच असे निवडले, की त्याला पाय आणि चिकाटी पुरे. दारोदार हिंडून ते लहान लहान वर्गण्या गोळा करू लागले.

माझे वडील साखर कारखान्यात आहेत. बॉयलरवर उभे राहणे झेपेना, तेव्हा त्यांनी नव्या मुलांना काम दाखविणे मागून घेतले. हल्ली ते घरून लवकरच निघतात. त्यांचे वय ५८. याच वयात कर्व्यांनी विद्यापीठ काढले, असे मी सांगताच त्यांनी विचारले, त्यांना पेन्शन होती का? प्रश्न रास्त आहे. होती, आणि तिच्यातूनही ते मंडळाला देत.

१९४४ साली, ८६ व्या वर्षी, कर्व्यांनी जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला. पुढे ते आणखी १८ वर्षे जगले.