विश्लेषण : बंडखोर ते पंतप्रधान... नेपाळच्या के. आय. सिंह यांनी बाजू कशा बदलल्या?

नेपाळमध्ये पक्षांतरे आणि तुटणाऱ्या आघाड्या नव्या नाहीत. राणाशाही संपल्यानंतरच्या पहिल्याच दशकात डॉ. कुंवर इंद्रजित सिंह ऊर्फ के. आय. सिंह हे बंडखोर, फरारी आणि पंतप्रधान अशा तिन्ही भूमिकांत दिसले.

नेपाळी काँग्रेसशी का बिनसले?

सिंह मूळचे पश्चिम नेपाळमधील डोटीचे. १९५० मध्ये नेपाळी काँग्रेसने राणांविरुद्ध शस्त्रे उचलली, तेव्हा भैरहवा भागात ते पक्षाच्या मुक्तिसेनेतर्फे लढले. १९५१ च्या सुरुवातीला राजा त्रिभुवन, राणा आणि काँग्रेस यांच्यात दिल्लीत समझोता झाला. राणांसोबतचे संयुक्त सरकार सिंह यांना मान्य नव्हते. त्यांनी लढा सुरूच ठेवला. अखेर नेपाळी आणि भारतीय दलांच्या संयुक्त कारवाईत ते पकडले गेले.

काठमांडूत काय घडले?

जानेवारी १९५२ मध्ये रक्षा दलातील बंडखोरांनी सिंहदरबारात कैदेत असलेल्या सिंह यांची सुटका केली. देशाचे सत्ताकेंद्र काही तास त्यांच्या हाती होते. बंड फसताच ते मोजक्या साथीदारांसह तिबेटमार्गे चीनला गेले. या घटनेनंतर सरकारने कम्युनिस्ट पक्षावर बंदी घातली.

पंतप्रधानपद कसे मिळाले?

१९५५ मध्ये राजा महेंद्र यांनी माफी दिल्यावर सिंह परतले आणि त्यांनी संयुक्त प्रजातंत्र पार्टी काढली. दिल्ली समझोत्याला विरोध करणारे आणि चीनमध्ये आश्रय घेतलेले सिंह आता भारताशी मैत्रीचा आग्रह धरू लागले. जुलै १९५७ मध्ये महेंद्र यांनी त्यांना पंतप्रधान नेमले. निवडून आलेली संसद तेव्हा अस्तित्वातच नव्हती. त्यामुळे राजाची मर्जी हाच सरकारचा आधार होता. ती फिरताच नोव्हेंबरमध्ये, चार महिनेही पूर्ण होण्याआधी, सिंह यांना पायउतार व्हावे लागले.

मतदारांनी काय कौल दिला?

१९५९ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. १०९ पैकी ७४ जागा सिंह यांनी सोडलेल्या नेपाळी काँग्रेसने जिंकल्या. त्यांच्या पक्षाला पाच जागा मिळाल्या आणि ते स्वतः पराभूत झाले. पुढच्याच वर्षी महेंद्र यांनी संसद बरखास्त केली. पाठोपाठ पक्षांवरच बंदी आली. १९८२ मध्ये सिंह यांचे निधन झाले, तेव्हाही ती कायम होती. पंतप्रधानपद त्यांना राजाने दिले आणि राजानेच काढून घेतले. मतदारांकडून ते त्यांना कधीच मिळाले नाही.