स्वतःचेच वर्णन वाचणारे यंत्र

नवी दिल्ली, ७ जून : संगणकशास्त्राचे आद्य प्रवर्तक ॲलन ट्युरिंग यांचा आज स्मृतिदिन. त्यांचे वडील ज्युलियस मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते, तर आई एथेल यांचा जन्म कोइमतूरजवळील पोदनूरचा. ॲलन मात्र २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये जन्मले आणि आईवडील हिंदुस्थानात असताना तिकडेच परक्या घरी वाढले. शाळेतील जिवलग मित्र ख्रिस्तोफर मॉरकॉम १९३० मध्ये मृत्यू पावला. देहाबरोबर त्याचे मनही संपले काय, हा प्रश्न ट्युरिंग यांना दीर्घकाळ छळत राहिला.

१९३६ च्या निबंधात त्यांनी कागदावर गणित करणाऱ्या माणसाचे बारकाईने निरीक्षण केले आणि त्यावरूनच एक काल्पनिक यंत्र रचले. हे यंत्र चौकटींच्या पट्टीवरील एकेक चिन्ह वाचते, लिहिते, पुसते. पट्टीवर अन्य यंत्राचे वर्णन मांडता येते. मग स्वतःचे का नाही? खरी मेख येथेच आहे. कोणते यंत्र अडकून पडेल हे अचूक सांगणारे यंत्र आहे असे मानले, तर स्वतःच्या वर्णनाचा निवाडा करताना ते विसंगतीत सापडते. म्हणजे असे यंत्र असूच शकत नाही. प्रिन्स्टन येथील १९३८ च्या प्रबंधात त्यांनी या मर्यादेवर मजले चढवून पाहिले : तर्कपद्धतीत तिच्याच सुसंगतीचे विधान मिळवायचे, नव्या पद्धतीत पुन्हा तिचे. मात्र मजले रचण्याची योग्य रीत ओळखण्याचे काम अंतःप्रेरणेकडेच उरले.

महायुद्धात ब्लेचली पार्क येथे त्यांनी जर्मनांच्या ‘एनिग्मा’ संकेतांची उकल करण्यात मोठा वाटा उचलला.

आपण काव्य रचले याची जाणीव यंत्राला होईपर्यंत त्याला मेंदूच्या बरोबरीचे मानता येणार नाही, असे मेंदूशल्यविशारद जेफ्री जेफरसन यांनी १९४९ मध्ये मांडले. पुढील वर्षी ट्युरिंग यांनी उत्तर दिले : ही कसोटी लावली तर शेजारचा माणूस विचार करतो, हेही सिद्ध होणार नाही. जाणिवेचे गूढ त्यांनी नाकारले नाही. मात्र आपल्या वर्तनाचे फळ पाहून यंत्र स्वतःचा कार्यक्रम बदलू शकेल, असे त्यांना वाटे.

१९५२ मध्ये समलिंगी संबंधांबद्दल त्यांना दोषी ठरवून संप्रेरकांचे उपचार लादण्यात आले. त्याच काळात ते मनोविश्लेषक फ्रान्झ ग्रीनबाउम यांच्याकडे जात आणि स्वतःची स्वप्ने लिहून काढत. ७ जून १९५४ रोजी सायनाइडने त्यांचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष निघाला. ब्रिटनच्या राणीने २०१३ मध्ये त्यांना माफी दिली.