स्वहस्ताची साक्ष

ग्रंथ जन्मास येतो तो कर्त्याच्या बुद्धीतून; परंतु तो टिकतो लेखनिकाच्या हातावर. छापखाना नव्हता त्या काळी प्रत्येक नवी प्रत हा एक नवा धोकाच असे. एक अक्षर गळले की विधीचा निषेध होई आणि निषेधाचा विधी. ज्या शास्त्रावर असंख्य कुटुंबांचा नित्याचार अवलंबून, त्याचा पाठ बिघडला तर दोष कोणाच्या माथी? हा प्रश्न ज्यांनी जन्मभर उराशी बाळगला, त्या एका यहुदी धर्माचार्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांच्या सेवेस सादर करीत आहोत.

त्यांचे नाव मोशे, पित्याचे मैमोन. यहुदी समाज त्यांना नामाच्या आद्याक्षरांवरून रंबम म्हणतो. पाश्चात्य जगात ते मायमोनिडीस या नावाने विख्यात आहेत. स्पेनमधील कॉर्डोबा नगरीत ११३८ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. पिता धर्मन्यायाधीश असल्याने विद्या घरातच नांदत होती. परंतु ११४८ मध्ये नगरावर अल्मोहादांची सत्ता आली आणि यहुद्यांना स्वधर्माने राहणे अशक्य झाले. कुटुंबाने घर सोडले. मोरोक्कोतील फेझ, ११६५ मध्ये पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरील अक्का, आणि अखेर इजिप्तमधील फुस्तात, अशी ती वणवण झाली. तेविसाव्या वर्षी आरंभिलेले मिश्ना या प्राचीन धर्मसंहितेवरील भाष्य त्यांनी काही वाटेवरच्या मुक्कामात, काही गलबतावर लिहिले आणि ११६८ मध्ये सिद्धीस नेले.

फुस्तातमध्ये प्रपंचाचा भार धाकटे बंधू दाविद यांनी उचलला. ते व्यापार करीत आणि ज्येष्ठांस अध्ययनास मोकळे ठेवीत. एकदा वाळवंट तुडवून तांबड्या समुद्रावरील आयधाब बंदरी पोहोचल्यावर त्यांनी मोशेंना पत्र धाडून हिंदुस्थानकडे जाण्याचा बेत कळविला होता. पुढे हेच दाविद हिंदी महासागरात बुडून मरण पावले. स्वतःचे, बंधूंचे व इतरांचे द्रव्यही त्यांच्याबरोबर बुडाले. मागे राहिली विधवा पत्नी आणि लहानगी कन्या. मोशे सुमारे वर्षभर अंथरुणास खिळले. आठ वर्षे लोटल्यावरही एका स्नेह्यास त्यांनी कळविले, की बंधूचे अक्षर दृष्टीस पडताच आपले काळीज गलबलते.

निर्वाहासाठी मग त्यांनी वैद्यकी पत्करली. सुलतान सलाउद्दीनचे मंत्री अल्‌ फादिल यांचा आश्रय त्यांस लाभला. रोज फुस्तातहून कैरोस राजवाड्यात जावे, दुपारनंतर परतावे, तो दारी रुग्णांची दाटी. थकून आडवे होऊन औषधे लिहून द्यावीत आणि रात्र व्हावी, असा त्यांचा उत्तरायुष्यातील दिनक्रम होता.

त्यांचा सर्वांत मोठा धर्मग्रंथ म्हणजे ‘मिश्ने तोरा’. सुमारे दहा वर्षे खपून ११७८ च्या सुमारास तो पूर्ण झाला. विखुरलेले सारे धर्मनिर्णय त्यांनी सुबोध हिब्रू भाषेत १४ भागांत रचले. हिब्रूत अक्षरांनाच संख्या असतात; ‘हात’ या अर्थाच्या शब्दाची बेरीज १४ भरते, म्हणून या ग्रंथास ‘बलवान हात’ असेही नाव पडले. आधारवचने दिली नाहीत म्हणून काही पंडितांनी टीका केली. फ्रान्समधील लुनेलच्या विद्वानांनी शंका लिहून पाठविल्या, तेव्हा जेथे आक्षेप रास्त दिसला तेथे आचार्यांनी तो मान्य करून पाठ सुधारला. प्रमाण प्रतीचा आग्रह त्यांनी स्वतःसही लावला होता. तोराची पोथी स्वहस्ते लिहिताना त्यांनी बेन आशेर या विद्वानांनी शोधिलेली, इजिप्तमधील प्रसिद्ध प्रतच आदर्श धरली.

‘मिश्ने तोरा’च्या पहिल्या दोन भागांची एक हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलीयन ग्रंथालयात आहे. अक्षर लेखनिकाचे, परंतु शेवटी आचार्यांनी स्वहस्ते नोंदविले आहे, की ही प्रत आपल्या मूळ ग्रंथाशी ताडून शुद्ध केलेली आहे, आणि खाली पितापुत्रांच्या नावाने सही केली आहे. बिरुद नाही, आत्मस्तुती नाही. त्या लहानशा नोंदीने ती प्रत इतर प्रतींची कसोटी ठरली. ग्रंथावर सही करणे म्हणजे त्यातील प्रत्येक अक्षराचे उत्तरदायित्व पत्करणे, हेच आम्हास त्या सहीत दिसते.

१३ डिसेंबर १२०४ रोजी फुस्तातमध्ये त्यांनी देह ठेविला. त्यांची समाधी तिबेरियास येथे दाखवितात. ईश्वराचे नाव असलेला कागद नष्ट करू नये, या यहुदी रूढीमुळे फुस्तातच्या प्रार्थनामंदिरात शतकानुशतके जीर्ण कागद साठत गेले. १८९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी त्यांतील फार मोठा संग्रह केंब्रिजला नेला. या साठ्यात आचार्यांच्या हातचे खोडाखोड केलेले कच्चे खर्डेही सापडले. शब्द पुनःपुन्हा तपासणारा तो हात त्यांत स्पष्ट दिसतो. आणि त्याच साठ्यात आयधाबहून आलेले दाविदांचे ते पत्रही निघाले. ज्या अक्षराने ज्येष्ठ बंधूंचे काळीज गलबलत असे, ते अक्षर त्यांच्याच खर्ड्यांच्या शेजारी सुमारे सात शतके सुरक्षित राहिले होते. धन समुद्राने गिळले. श्रद्धेने जपलेले अक्षर मात्र उरले.