दामोदर धर्मानंद कोसंबी : वाटांची भूमिती

धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र मराठीच्या अभ्यासकाला अपरिचित नसते. त्यांचे चिरंजीव दामोदर यांना मात्र आपण प्राचीन भारताचे इतिहासकार आणि भर्तृहरीच्या सुभाषितांचे संपादक म्हणूनच ओळखतो. त्यांचे मूळ क्षेत्र गणित होते, ही बाब चरित्रपर टिपणांत एका ओळीत उरकली जाते. प्रस्तुत घटकात आपण ती ओळ उलगडून पाहू.

दामोदर कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. बालपणीच्या पुण्यातील शिक्षणानंतर १९१८ मध्ये ते वडिलांसमवेत अमेरिकेस गेले. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन ते परतले. पुढे डॉक्टरेट त्यांनी कधीच घेतली नाही. (आम्हा पदवीधारकांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.) बनारस व अलीगढ येथे अध्यापन करून १९३३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले.

याच वर्षी एका जर्मन गणित-नियतकालिकात त्यांचा वाटांच्या अवकाशावरील निबंध प्रसिद्ध झाला. अवकल भूमितीत सामान्यतः अंतर मोजण्याचा नियम आधी दिलेला असतो आणि त्यावरून सर्वांत जवळची वाट काढली जाते. कोसंबींनी प्रश्न उलटा केला. अशी कल्पना करा, की डोंगराचा नकाशा तुमच्या हाती नाही; गुरांच्या येण्याजाण्याने पडलेल्या वाटा तेवढ्या दिसतात. त्यांवरून डोंगराचा आकार सांगता येईल काय? गणितात या वाटा म्हणजे द्वितीय क्रमाच्या अवकल समीकरणांची उत्तरे. एली कार्तां या श्रेष्ठ फ्रेंच गणितज्ञाने आपल्या पद्धतीने याच प्रश्नाचा विचार करून लिहिलेले टिपण त्याच अंकात लागोपाठ छापले गेले. १९३९ मध्ये चर्न यांनी हा विचार पुढे नेला. सहनिर्देशक बदलले तरी ज्यांचा अर्थ बदलत नाही अशा पाच राशी या सिद्धान्तात येतात. त्यांतील दुसरीवरून शेजारच्या दोन वाटा एकमेकींजवळ राहतील की दुरावतील, हे कळते. गतिमान व्यवस्थांच्या अभ्यासात नेमकी हीच विचारणा असते. आरंभीची स्थिती किंचित ढळली तर यंत्राची किंवा प्राणिसंख्येची पुढील वाटचाल सावरेल की भरकटेल? जीवशास्त्रात व भौतिकीत या सिद्धान्ताचा असा उपयोग कोसंबींच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी होऊ लागला.

१९४३ मधील त्यांच्या आणखी एका निबंधाचे दैव निराळे ठरले. गुंतागुंतीच्या हालचालीतून मोजके प्रमुख आकार वेगळे काढण्याची त्यातील रीत प्रवाहांच्या व नियंत्रणाच्या अभ्यासात आज सर्रास वापरली जाते. पण ती ओळखली जाते कारुनेन आणि लोएव्ह या नंतर लिहिणाऱ्यांच्या नावांनी.

१९४६ पासून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. डेक्कन क्वीनने पुण्याहून रोज ये-जा करीत. सुटीच्या दिवशी पुण्याभोवतीचे डोंगर पायी धुंडाळीत. पैठणहून जुन्नरमार्गे नाणेघाटाकडे जाणारा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग छत्रपती संभाजीनगर परिसरातील तुम्हा विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. दख्खनमधील बौद्ध लेणी अशा मार्गांच्या आधाराने का वसली, हे कोसंबींनी मांडले. येथेही त्यांनी वाटांवरूनच भूमी वाचली, असे मला वाटते; त्यांनी स्वतः हे साम्य दाखविलेले नाही.

१९५९ मध्ये मात्र त्यांनी रीमान यांचा प्रसिद्ध अनुमानप्रश्न सोडविल्याचा दावा कृषि-सांख्यिकीच्या नियतकालिकात केला. सिद्धता सदोष निघाली. जाणकार परीक्षक जेथे भेटणार नाही असे स्थान निवडणे समर्थनीय नव्हते, आणि गणितज्ञांमधील त्यांची प्रतिष्ठा त्यामुळे ढासळली. अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा पुरस्कारही ते टाटा संस्थेत राहूनच करीत होते. १९६२ मध्ये त्यांच्या नियुक्तीचे नूतनीकरण झाले नाही.

२९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. १९३३ चा सिद्धान्त आज कोसंबी-कार्तां-चर्न या नावाने ओळखला जातो. त्या सामासिक नामातील पहिले पद मराठी वाचकाच्या घरातले आहे.