लखनौच्या लालबागेतील शिक्षिका : इसाबेला थोबर्न

अमीनाबाद बाजारातील एका खोलीत अवघ्या सहा मुलींना घेऊन सुरू झालेली शाळा पंधरा-सोळा वर्षांत महाविद्यालयापर्यंत नेणाऱ्या इसाबेला थोबर्न यांचे नाव लखनौमध्ये आजही आदराने घेतले जाते. उत्तर भारतातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात त्यांच्या कार्याला महत्त्वाचे स्थान आहे. मुलींनी अक्षरओळखीवर थांबू नये, माध्यमिक शिक्षण पूर्ण करावे आणि पुढे पदवीपर्यंत जावे, हा आग्रह त्यांनी एकतीस वर्षे धरला आणि बऱ्याच अंशी तडीस नेला.

इसाबेला यांचा जन्म २९ मार्च १८४० रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात सेंट क्लेअर्सव्हिल या गावाजवळ झाला. त्यांचे आई-वडील आयर्लंडमधून येऊन तेथे स्थायिक झाले होते. दहा भावंडांत त्या नवव्या. त्या दहा वर्षांच्या असताना वडील निवर्तले. गावच्या शाळेतील शिक्षणानंतर त्यांनी व्हीलिंग येथील मुलींच्या विद्यालयात अध्ययन केले आणि सिनसिनाटी येथे काही काळ चित्रकलेचेही शिक्षण घेतले. वयाच्या अठराव्या वर्षी त्या शिक्षिका झाल्या. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात जखमी सैनिकांच्या शुश्रूषेतही त्यांनी भाग घेतला.

त्यांचे थोरले बंधू जेम्स थोबर्न हे मेथडिस्ट पंथाचे धर्मप्रचारक म्हणून १८५९ पासून भारतात होते. पडदा पाळणाऱ्या घरांत पुरुष शिक्षकाला प्रवेश नाही, त्यामुळे मुलींचे शिक्षण स्त्रियांनीच हाती घेतल्याखेरीज होणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. १८६६ मध्ये त्यांनी पत्र लिहून बहिणीला भारतात येण्याविषयी विचारले. इसाबेला यांची तयारी होती. परंतु अविवाहित स्त्रीला स्वतंत्रपणे परदेशी पाठवील अशी संस्था त्यांच्या पंथात नव्हती. मार्च १८६९ मध्ये बोस्टन येथे मूठभर स्त्रियांनी एकत्र येऊन अशी संस्था स्थापन केली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबर रोजी इसाबेला आणि डॉ. क्लारा स्वेन या दोघी न्यूयॉर्कहून निघाल्या आणि जानेवारी १८७० मध्ये मुंबई बंदरात उतरल्या. डॉ. स्वेन बरेलीला गेल्या. स्त्रियांसाठी तेथे त्यांनी उभारलेले रुग्णालय पुढे प्रसिद्धीस आले. इसाबेला लखनौला गेल्या.

लखनौत आल्यावर त्यांना पहिल्यांदा आपल्याच माणसांत स्वतःचे स्थान मिळवावे लागले. जेम्स यांनी आरंभी बहिणीला आपल्या कागदपत्रांच्या नकला करण्याचे काम दिले. काही दिवस तिने ते केले आणि मग एखादा नकलनवीस ठेवल्यास आपली चांगली सोय होईल, असे भावाला शांतपणे सुचवले. आपली बहीण मदतनीस म्हणून आलेली नाही, तिला तिचे स्वतंत्र कार्य आहे, हे जेम्स यांना त्या एका सूचनेने उमगले. पुढे स्वतः जेम्स यांनी हा प्रसंग मोकळेपणाने नमूद करून ठेवला आहे.

तेव्हाच्या लखनौची परिस्थिती अनुकूल म्हणावी अशी नव्हती. १८५६ मध्ये अवधचे राज्य खालसा झाले होते, नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याला गेले होते आणि १८५७ च्या उठावात शहराने भीषण रणसंग्राम पाहिला होता. परक्यांविषयीचा अविश्वास अजून ओसरला नव्हता. घरंदाज कुटुंबांतील मुली पडद्याबाहेर येत नसत. १८६९ मध्ये शहरात ला मार्टिनिअर ही मुलींची शाळा निघाली होती, परंतु ती प्रामुख्याने युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलींसाठी होती. पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्येच मुलींना शिकवण्यास आरंभ केला होता आणि कलकत्त्यात १८४९ पासून बेथून शाळा चालू होती. अवधमध्ये मात्र भारतीय मुलींच्या माध्यमिक शिक्षणाची वाट अद्याप पडायची होती.

१८ एप्रिल १८७० रोजी अमीनाबादच्या गजबजलेल्या बाजारात इसाबेला यांची शाळा भरली. पहिल्या दिवशी सहा मुली आल्या. कोणी दंगा करील या भीतीने दारावर हाती बांबूची लाठी घेतलेला एक तरुण पहाऱ्याला उभा होता. लाठी वापरण्याची वेळ आली नाही. मुलींची संख्या हळूहळू वाढू लागली आणि जागा अपुरी पडू लागली. पुढच्याच वर्षी लालबाग ही प्रशस्त वास्तू शाळेसाठी विकत घेण्यात आली. पूर्वी ती नवाबाच्या खजिनदाराची होती. तेथे वर्गांबरोबर वसतिगृहाचीही सोय झाली. त्यामुळे दूरच्या गावांतील मुलींनाही शिक्षणाचे दार उघडले.

या वसतिगृहाविषयी इसाबेला यांनी घेतलेला निर्णय त्या काळी साधा नव्हता. भारतीय आणि युरेशियन मुली एका छपराखाली राहतील, एकत्र शिकतील आणि एका पंक्तीला जेवतील, असे त्यांनी ठरवले. वर्ण आणि जात यांच्या भिंती दोन्ही समाजांत पक्क्या होत्या. आपल्या मुलींनी देशी मुलींसोबत राहावे हे अनेक युरेशियन पालकांना रुचत नव्हते. धर्मप्रचारकांमध्येही याबाबत शंका व्यक्त होत असे. इसाबेला मागे हटल्या नाहीत. फीबी रो या भारतातच वाढलेल्या युरेशियन तरुणीची त्यांना या कामी मोठी साथ लाभली.

इसाबेला यांच्या कार्यामागील मुख्य प्रेरणा धर्मप्रचाराची होती, हे विसरून चालणार नाही. त्यांच्या शाळेतील बहुसंख्य मुली ख्रिस्ती कुटुंबांतील होत्या. हिंदू आणि मुसलमान घरांतील मुलीही येत, परंतु धर्मशिक्षणाच्या भीतीने अनेक पालक शाळेपासून दूर राहत. ही भीती निराधार होती असे म्हणता येणार नाही. तरीही एक गोष्ट इसाबेला यांना इतर अनेक प्रचारकांहून वेगळे ठरवते. मुलींना वाचन, शिवणकाम आणि धर्मग्रंथ एवढे शिकवले की पुरे, हे मत त्यांना मान्य नव्हते. मुलांच्या शाळेत जे विषय शिकवले जातात ते मुलींनाही शिकवले पाहिजेत आणि मुलींनी त्याच परीक्षांना बसले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

या आग्रहातूनच पुढचा प्रश्न उभा राहिला. कलकत्ता विद्यापीठाने १८७८ मध्ये आपल्या परीक्षा स्त्रियांना खुल्या केल्या. १८८३ मध्ये कादंबिनी बसू आणि चंद्रमुखी बसू या त्या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. लालबागेतील मुलीही प्रवेश परीक्षेपर्यंत पोहोचल्या. पण त्यानंतर त्यांनी जायचे कोठे? कलकत्त्यापर्यंत मुलीला पाठवणे बहुतेक कुटुंबांना अशक्य होते. महाविद्यालय काढावे तर पैसा नव्हता, आणि इतके शिक्षण मुलींना हवेच कशाला, असे विचारणारे सहकारीही होते. अशा वेळी एका विद्यार्थिनीच्या आईने, मुलीला लखनौतच पुढे शिकता यावे म्हणून, ५०० रुपये देऊ केले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. जुलै १८८६ मध्ये लालबागेत महाविद्यालयीन वर्ग सुरू झाले आणि ते कलकत्ता विद्यापीठाला जोडले गेले. त्याच वर्षी मार्च महिन्यात आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी संपादन केली होती, आणि पुण्यातील मुलींच्या हायस्कूलला, म्हणजेच हुजूरपागेला, जेमतेम दोन वर्षे पूर्ण होत होती.

प्रकृती खालावल्याने इसाबेला १८८६ मध्ये अमेरिकेला परतल्या. तेथेही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. शिकागो येथील प्रशिक्षण विद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि सिनसिनाटी येथे सेवाकार्यासाठी स्त्रियांना तयार करणाऱ्या संस्थेच्या उभारणीत भाग घेतला. १८९१ मध्ये त्या पुन्हा लखनौला आल्या. १८९५ मध्ये महाविद्यालयाला सरकारी सनद मिळाली.

इसाबेला यांच्या विद्यार्थिनींमध्ये सर्वांत नावाजलेल्या म्हणजे लीलावती सिंह. त्यांचे मूळ नाव एथेल रॅफेल. मोठेपणी त्यांनी ते बदलून भारतीय नाव धारण केले. शाळेपासून उच्च पदवीपर्यंतची वाटचाल करून त्या त्याच संस्थेत अध्यापन करू लागल्या. १८९९ मध्ये इसाबेला निधीसाठी अमेरिकेला गेल्या तेव्हा त्यांनी लीलावतींना सोबत नेले. १९०० मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदेत लीलावतींनी स्त्रियांच्या उच्च शिक्षणावर भाषण केले. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन श्रोत्यांत होते आणि त्यांनी त्यांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. स्त्रियांना उच्च शिक्षण देऊन काय साधते, या शंकेचे उत्तर देण्यासाठी इसाबेला यांना स्वतः बोलावे लागले नाही.

दौऱ्यानंतर त्या लखनौला परतल्या. १ सप्टेंबर १९०१ रोजी पटकीच्या विकाराने तेथेच त्यांचे निधन झाले. मृत्युसमयी त्यांचे वय ६१ वर्षांचे होते. लीलावतींनी त्यांचे कार्य पुढे चालवले, परंतु १९०९ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना शिकागो येथे त्याही अकाली निवर्तल्या. महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी पहिली भारतीय स्त्री येण्यासाठी १९३९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कॉन्स्टन्स प्रेमनाथ दास यांनी ते पद स्वीकारले. संस्थापिकेच्या निधनानंतर अडतीस वर्षांनी हे घडले, ही बाब संस्थेच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे. त्यांच्यानंतर प्राचार्य झालेल्या सारा चाको यांनी पुढे जागतिक चर्च परिषदेच्या अध्यक्षपदापर्यंत मजल मारली.

महाविद्यालयाला इसाबेला थोबर्न यांचे नाव त्यांच्या पश्चात देण्यात आले. १९२३ मध्ये ते फैजाबाद मार्गावरील चांदबागेच्या परिसरात गेले आणि आय. टी. कॉलेज या नावाने लोकांच्या तोंडी रुळले. रशीद जहाँ, इस्मत चुगताई, अतिया हुसेन आणि कुर्रतुलऐन हैदर या लेखिका तेथे शिकल्या. यांतील बहुतेकींनी जुन्या समाजातील स्त्रीच्या कोंडीवर निर्भीडपणे लिहिले. संस्थापिकेच्या धर्मकल्पनांत हे लेखन बसले असते असे नाही. विद्यार्थिनींनी मात्र तिच्या शाळेतून विचाराचे स्वातंत्र्य घेतले आणि ते आपल्या परीने वापरले. लालबागेतील मूळ शाळाही बंद पडली नाही. मुलींचे इंटर कॉलेज म्हणून तेथे आजही बारावीपर्यंतचे वर्ग भरतात.