कल्याणचा भांडारी

आज वैशाख शुद्ध तृतीया. अक्षय्य तृतीयेचा हा पुण्यदिन महात्मा बसवेश्वरांच्या जयंतीचाही होय. अहमदपूर परिसरातील ज्या घरांत नित्य इष्टलिंगपूजन होते, मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्या’चे पारायण होते, तेथील मुलांना हे नाव नव्याने सांगावयास नको. परंतु नाव मुखी असणे निराळे आणि शिकवण दिनक्रमात उतरणे निराळे, असे आम्हांस वाटते.

बाराव्या शतकात बागेवाडी येथे मादरस व मादलांबिका या ब्राह्मण दांपत्याच्या पोटी बसवेश्वर जन्मले. बालवयातच उपनयन नाकारून ते कृष्णा-मलप्रभेच्या संगमी, कूडलसंगमास गेले व तेथे अध्ययनात रमले. पुढे कलचुरी राजा बिज्जळाच्या सेवेत, आपल्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्यास, त्यांनी हिशेबनिसाचे काम पत्करले. तेथून योग्यतेच्या बळावर ते राज्याच्या कोषाचे अधिकारी झाले. कल्याणच्या अनुभवमंटपात अल्लमप्रभूंच्या अध्यक्षतेखाली दोर वळणारे, नाव वल्हवणारे, चामड्याचे काम करणारे आणि स्त्रियाही समान आसनावर बसल्या, ही त्यांची थोरवी सर्वविदित आहे. आम्हांस मात्र त्यांच्यातील हिशेबनीस अधिक मोलाचा वाटतो.

शरणांच्या दासोहात त्यांनी राजकोष रिता केला, अशी चहाडी मत्सरी मंडळींनी बिज्जळाकडे केली. परंपरा सांगते की तपासणीत एक कवडीही उणी निघाली नाही.

दुसरी कथा मारय्याची. बसवेश्वरांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून तो व त्याची पत्नी लक्कम्मा दासोह चालवीत. त्यांची ओढाताण पाहून बसवेश्वरांनी एके दिवशी मुद्दाम जास्त तांदूळ सांडविले. मारय्याने ते घरी आणताच लक्कम्माने, हे आपल्या नित्याच्या गरजेहून अधिक आहेत, असे म्हणून परत करावयास लावले. कोषाधिपतीलाही त्या माउलीने धडा दिला. आणि त्यांनी तो नम्रपणे घेतला!

त्यांनी सांगितलेली सात पथ्ये विद्यार्थ्यांनी याच दृष्टीने पाहावीत. चोरी, हिंसा, असत्य, क्रोध, इतरांचा तिटकारा, आत्मस्तुती व परनिंदा या सातांपासून दूर राहावयाचे. परीक्षेत शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेत डोकावणे ही चोरीच. पालकांनी त्यास हातभार लावावा, हे तर अधिक लज्जास्पद. गुण अधिक पडले म्हणून मिरविणे, मागे पडलेल्या सोबत्यास हिणविणे, बापाच्या नांगराची लाज बाळगणे, हेही त्या सातांतच येते. निजण्यापूर्वी वहीच्या शेवटच्या पानावर ही सात नावे लिहून, ज्यात चुकलो त्यापुढे खूण करावी. वडीलधाऱ्यांनी ते पान पाहू नये. हा हिशेब ज्याचा त्याने तपासावयाचा आहे.

बसवेश्वरांना आपल्या तत्त्वाची किंमत मोजावी लागली. चर्मकार हरळय्याचा पुत्र व ब्राह्मण मधुवरसाची कन्या यांचा विवाह शरणांनी मान्य केला, तेव्हा राजाने दोन्ही पित्यांना देहान्ताची शिक्षा दिली. कल्याणात हलकल्लोळ माजला, शरण दाही दिशा पांगले. बसवेश्वर अधिकारपद सोडून कूडलसंगमास परतले, आणि ज्या संगमी त्यांचे विद्यार्थिजीवन सरले होते तेथेच ते लिंगैक्य झाले.